दार्सैतमधली बर्फाची गुहा

त्या माणसाला मी कधी गांभीर्यानं घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी रंग बदलला. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसानं एसी दुरुस्त करावेत. त्यानं मस्कतमध्ये बसून, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन रटरटत असताना, दक्षिण ध्रुवाजवळच्या ज्वालामुखीवर मोहिमा काढू नयेत. आणि काढल्याच तर त्यात इतरांच्या पोरांना ओढू नये. इतकी साधी अपेक्षा होती माझी.

दिसायला अगदीच सुमार. सावंतवाडीकडच्या कुठल्याशा गावचा, चाळिशीचा, काटकुळा, गालफडं बसलेली. शर्टाच्या खिशात कायम एक छोटं थर्मामीटर. कोणाच्याही घरी गेला की नमस्काराच्या आधी हात वर करून एसीच्या वाऱ्याखाली तळवा धरायचा, डोळे बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. "चोवीस. तुमी अठरार ठेवलात, पण येता चोवीस." मग थर्मामीटर काढून स्वतःचाच आकडा तपासायचा. तो बरोबर निघाला की असा खूश व्हायचा, जणू नोबेलच मिळालं. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या बायकोनं चहा पुढे केला, तर हा फ्रिजच्या मागे वाकून बघत होता. चहा गार झाल्यावर प्यायला. म्हणे गरमच आवडत नाही.

हा माणूस वादी कबीरला कंपनीच्या खोलीत चार जणांबरोबर राहायचा. बायको-मुलं गावाला. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. बाकीच्या मेकॅनिक लोकांना शुक्रवार हा झोपेचा आणि मासे तळण्याचा वार. याला शुक्रवार हा ज्वालामुखीचा वार.

त्या ज्वालामुखीचं नाव एरेबस. आहे खराखुरा. अंटार्क्टिकातल्या एका बेटावर, चारी बाजूंनी बर्फ, आणि शेंड्यावर तोंडात कायम उकळता लाव्हा. त्याच्या अंगातून जी वाफ निघते ती वरच्या बर्फाला आतून पोखरते आणि गुहा तयार होतात. हे सगळं मला कुठून माहीत? मीच त्याला वाचून दाखवलं. पाप माझंच आहे.

झालं असं की कुर्मच्या एका बंगल्यात कोणी परदेशी इंजिनियर राहायचा. तो मस्कत सोडून गेला तेव्हा एसी काढायला आलेल्या या गृहस्थाला त्यानं जुन्या इंग्रजी मासिकांचा खोका देऊन टाकला. बाकी कोणी असता तर रद्दीत घातला असता. यानं एकेक मासिक चाळलं आणि एका अंकात त्याला त्या गुहेचे फोटो सापडले. निळा उजेड, भिंतीवर बर्फाची फुलं, आणि मधोमध दोरीला लटकलेला लाल जाकिटातला माणूस. इंग्रजी याला वाचता येत होतं ते एसीच्या मॅन्युअलपुरतं. मग तो अंक घेऊन आला माझ्याकडे. मी इन्शुरन्स कंपनीत, इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर, वर आई-वडील दोघंही शाळेत मराठी शिकवणारे. म्हणजे वाचून समजावून द्यायला माझ्याइतका लायक माणूस मस्कतच्या आमच्या दार्सैत भागात दुसरा नव्हता, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटायचं.

सोफ्याच्या अगदी टोकाला बसला. कंपनीच्या जॉब कार्डांचा गठ्ठा काढला, पाठकोरी बाजू वर केली, आणि पेन सरसावलं. टीव्हीवर मॅच चालू होती. पहिली दोन पानं मी प्रामाणिकपणे सांगितली. बाहेर उणे तीस असताना गुहेत जेमतेम शून्य असतं, वाफ वर निघून गोठते आणि तिचे धुराड्यासारखे उंच मनोरे होतात, खोलगट जागी विषारी हवा साठते म्हणून तिथं वाकायचं नाही, सगळ्यांनी एका दोरीला बांधून घ्यायचं. तो एकेक शब्द लिहून घेत होता. मध्येच थांबवायचा. "मनोरो केवढो? पोकळ? आतसून वाफ येता?" त्या मॅचचं पार वाटोळं झालं माझ्यासाठी.

मग मी कंटाळलो. आणि कंटाळलेला माणूस करतो तसा खोडसाळपणा केला. पुढचं पान समोर धरून मी स्वतःच रचायला लागलो. म्हटलं, इथं लिहिलंय की गुहेत शिरण्याआधी मोहिमेतला प्रत्येक माणूस बर्फाच्या भोकाला तोंड लावतो आणि आपल्या मातृभाषेत एक खरी गोष्ट सांगतो. कोणाला कधी न सांगितलेली. बाकीच्यांनी ती ऐकायची, पण उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, आणि बाहेर जाऊन कोणाला सांगायचं नाही. नाहीतर ज्वालामुखी कोपतो.

मला वाटलं हसेल. निदान विचारेल, साहेब, मस्करी करताय काय. तो लिहीतच राहिला. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "ह्या बरा आसा." तो गेल्यावर मी आणि बायको, खरं तर मीच, पोट धरून हसलो. पुढे कितीतरी पार्ट्यांमध्ये हा किस्सा मी त्याच्या नकलेसकट सांगितला. नक्कल मला चांगली जमते.

आता तो मंडळाच्या मराठी वर्गावर कसा आला, ते. आमच्या पोरांचं मराठी म्हणजे आनंदच होता. इंडियन स्कूलची पोरं, बसमध्ये इंग्रजी, खेळताना इंग्रजी, भांडताना हिंदी. मराठीत फक्त "आई, भूक लागली." म्हणून मंडळानं शुक्रवार सकाळचा वर्ग काढला होता. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी होती, ती घरमालकानं दिली. शिकवायच्या त्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे भारतात परत गेल्या. तीन बैठका झाल्या. सगळ्यांना आपली पोरं मराठी शिकायला हवी होती आणि कोणालाच शुक्रवारची झोप सोडायची नव्हती. तेवढ्यात हा खोलीतला एसी बघायला आला होता, तो म्हणाला मी येतंय. मी हो म्हटलं. का? एक तर आळस. आणि दुसरं म्हणजे मला वाटलं, दोन शुक्रवारांत पोरंच पळवून लावतील.

माझी लेक सानिका तेव्हा अकरा वर्षांची. तिचं मराठी हा माझ्या जिवाला लागलेला घोर होता, हे अगदी खरं सांगतो. ज्या घरात आजी-आजोबा दोघांचं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, त्या घरातली ही पोर माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलत नव्हती. मी मराठीत विचारायचो, ती मान हलवायची, नाहीतर इंग्रजीत पुटपुटायची. लहानपणी बोलायची हो. सात वर्षांची असताना दारात पाहुणे उभे होते आणि ही ओरडली, "आमचा आई आला!" काय हसलो होतो आम्ही. मी ते वाक्य वर्षभर सगळ्यांना ऐकवलं, तिच्याच आवाजात. दिवाळीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना स्टेजवरूनही ऐकवलं. अख्खं सभागृह हसलं होतं. ती आईच्या मागे लपली. लाजाळू आहे, मी म्हणालो.

तर असा तो वर्ग. पहिल्या शुक्रवारी मी खाली डोकावलो. खोलीतला एसी सोळावर. पोरं स्वेटर घालून बसलेली. मस्कतमध्ये, जूनमध्ये! फळ्यावर बाराखडी नाही, काही नाही. एक मोठा त्रिकोण, त्याच्या टोकाला वाफ. पोरांच्या कमरेला पांढरी केबल बांधून सगळ्यांना एका रांगेत जोडलेलं. आणि हा पुढे उभा राहून विचारत होता, "वारो सुटलो. तंबू उडालो. आता काय करूचा? सांगा." एक मुलगा म्हणाला, वी कॅन... तर याने हात वर केला. इंग्रजी बोललं की पाय घसरतो असा नियम होता. मग दोरीमुळे सगळेच घसरायचे. ती दहा-बारा पोरं एकमेकांच्या कानात मराठी शब्द शोधत होती.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, अहो, आपले सण शिकवा, नदी शिकवा, शेत शिकवा. हे पेंग्विन कशाला? तर म्हणाला, "पेंग्वीन खाली दर्याच्या बाजूक. वर चिटपाखरू नाय." मग म्हणाला की साहेब, शेत म्हटलं की या पोरांना लाज वाटते. आईबापानं बघितलेलं असतं, यांनी नाही. एरेबस कोणीच बघितलेला नाही, ना त्यांनी, ना मी, ना तुम्ही. तिथं सगळी सारखीच अडाणी. मी म्हटलं, बरं, पण निदान शुद्ध बोला. "मनोरो", "वारो", "करूचा" हे काय शिकवताय? तो हसला. सुधारला मात्र नाही.

म्हणजे माझं दुखणं बघा. पोरगी मराठी शिकायची ती मालवणी, आणि विषय बर्फाचा. बायको म्हणाली, जाऊ दे ना, जाते आवडीनं. जायची खरी. शुक्रवारी साडेआठला स्वेटर घालून तयार. खाली काय केलं विचारलं तर म्हणायची, "क्लाइंब्ड."

हळूहळू त्या खोलीचं त्यानं वाटोळं केलं. मोडीत निघालेल्या कुठल्याशा ऑफिसातून पत्र्याचा एक लांब डक्ट उचलून आणला. एसीची हवा ज्यातून नेतात तो चौकोनी बोगदा. तो खोलीभर आडवा टाकला, आतून पांढरा फोम चिकटवला, निळा बल्ब लावला. पोरं त्यातून रांगत जायची. थर्मोकोलचे मनोरे उभे केले, त्यात गरम पाण्याचं भांडं ठेवून पंखा सोडला की वाफ निघायची. डक्टचं दुसरं तोंड मागच्या अडगळीच्या खोलीत निघत होतं. तिथं मंडळाच्या खुर्च्या, गणपतीचं मखर, माइक वगैरे सामान असायचं. मी बैठकीत दोनदा तक्रार केली की मखराच्या डोक्यावर अंटार्क्टिका आलाय. लोक हसले. काढायला कोणी उठलं नाही.

एकदा तर सगळ्यांना घेऊन सूर नावाच्या बंदरगावी गेला. तिथं माशांच्या एका मोठ्या कोल्ड स्टोअरचं काम त्याच्याकडे होतं. अडीच तास गाडी चालवून आम्ही काय बघायला गेलो? गोठलेल्या सुरमईचे ढीग. तीन गाड्या काढल्या होत्या, एक माझी, कारण सानिका हट्टाला पेटली होती. हट्ट इंग्रजीत. या माणसानं काय केलं होतं माहितीये? आतल्या एका रिकाम्या खोलीतल्या कॉइलवरचा, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरचा, बर्फ वितळवायचं काम त्यानं आठवडाभर मुद्दाम केलंच नव्हतं. एसीवाल्यांच्या धंद्यात याला गुन्हाच म्हणतात. कॉइलवर हातभर जाड बर्फ चढू दिला होता. पोरांना मोठ्या माणसांची जाकिटं घालून आत नेलं आणि मग कॉइलच्या आतला हीटर चालू केला. बर्फ बाहेरून नाही, आतून वितळतो. बघता बघता त्या पांढऱ्या भिंतीच्या पोटात पोकळी झाली आणि त्यानं बॅटरी लावली तर आत निळसर उजेड. "भायर बर्फ, पोटात इस्तव," तो म्हणाला. इस्तव म्हणजे विस्तव. हे त्याचं लाडकं वाक्य, दिवसातून दहादा म्हणायचा.

मालक म्हातारा ओमानी, दाराशी उभा होता. आपल्या कॉइलची ही अवस्था बघून त्यानं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मजनून." वेडा आहे. अरबी मला फारसं येत नाही, पण या एका शब्दावर आमचं दोघांचं एकदम जमलं. मी परतीच्या वाटेवर सगळ्यांना हेच सांगत आलो. सानिका मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. आरशात दिसत होती मला. ओठ हलत होते तिचे, आवाज नव्हता.

आता मुद्द्यावर येतो, टाळून उपयोग नाही. वार्षिक संमेलनाच्या आधीचा शुक्रवार. मला खुर्च्या मोजायच्या होत्या म्हणून मी मागच्या दारानं अडगळीच्या खोलीत शिरलो. वर्ग चालू होता. मी खुर्च्या हलवणार तेवढ्यात डक्टमधून आवाज आला. एका मुलाचा, अगदी कानाजवळ. "मी आईच्या पर्समधून चॉकलेट घेतलं, आणि ताईचं नाव सांगितलं." मग त्या गृहस्थाचा आवाज, "बरा. फुडचो."

मला आधी कळेचना. मग लख्ख कळलं. हा तर माझाच नियम! मी मॅच बघताना रचलेला. हा बावळट माणूस दर शुक्रवारी पोरांना डक्टच्या तोंडाशी बसवून तो पाळत होता. मला इतकं हसू आलं की तोंडावर हात धरावा लागला. आता हा किस्सा किती रंगेल, हेच माझ्या डोक्यात. मी एक खुर्ची ओढून डक्टजवळ बसलो.

एक मुलगी म्हणाली, तिला शाळेत मैत्रीण नाही. एक जण म्हणाला, त्याचे वडील फोनवर रडत होते आणि त्यानं झोपल्याचं सोंग केलं. तुटकं, मोडकं मराठी, लिंग-वचनाचा पत्ता नाही. आणि कोणी हसत नव्हतं. मी तेवढा हसत होतो, बिनआवाजाचा.

मग सानिका.

मी आवाज ओळखला, पण भाषा ओळखेना. न अडखळता बोलत होती. "मला मराठी येता. बाबांका म्हायत नाय. मी काय बोललंय की बाबा हसतत. मगे ते सगळ्यांका सांगतत, माझ्या आवाजात. मगे सगळी हसतत. म्हणून मी घराक बोलत नाय. हयसर बोलतंय."

"बरा. फुडचो."

मी उठलो. काय वाटलं ते सांगतो. लाज वाटली. पण लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे, आणि राग काढायला समोर माणूस तयार होता. मी तरातरा फिरून पुढच्या दारानं वर्गात गेलो. पोरं केबलला बांधलेली, हा डक्टजवळ मांडी घालून बसलेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे जे काय खरं-खरं बोलायचं चाललंय ना, असली काही प्रथा नाहीये. अंटार्क्टिकात नाही, कुठेच नाही. मासिकात एक अक्षर नव्हतं. हे मी रचलं होतं, यांची मस्करी करायला. आणि यांना ते कळलंही नाही!"

मला वाटलं, पोरं त्याच्याकडे बघतील. ती माझ्याकडेच बघत होती. त्यातला सगळ्यात मोठा मुलगा, चॉकलेटवाला, जरा संकोचून म्हणाला, "अंकल, वी नो." पाय घसरल्याचा नियम त्या वेळी कोणी लावला नाही.

मी त्या गृहस्थाकडे वळलो. तो उठला, पँट झटकली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "माका म्हायत आसा, साहेब," तो म्हणाला. "पोरांनी पयल्याच म्हयन्यात नेटार बगून सांगितल्यानी."

"मग बंद का नाही केलंत?"

"कित्याक? बोलत होती ना पोरां."

सानिकानं कमरेची केबल सोडली. गाठ घट्ट होती, तिला वेळ लागला. मग माझ्याजवळून जाताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू वर लिसनिंग." आणि वर निघून गेली.

पुढचं मला अभिमानानं सांगण्यासारखं नाही, पण लपवण्यासारखंही मी त्या वेळी मानलं नव्हतं. पुढच्याच बैठकीत मी वर्ग बंद करायचा ठराव मांडला. अभ्यासक्रम नाही, भाषा शुद्ध नाही, मुलांची खासगी माहिती काढून घेतली जाते, मखर धोक्यात आहे. छान मुद्देसूद बोललो. विरोध कोणी केला नाही, कारण वर्गात खरोखर काय चालतं हे बघायला माझ्याशिवाय एकही पालक कधी खाली उतरला नव्हता. ठराव पास. खलास.

सामान काढायला तो पुढच्या शुक्रवारी एकटाच आला. मी देखरेखीला. त्यानं थर्मोकोलचे मनोरे नीट कागदात गुंडाळले, डक्टचे तुकडे केले, फोम सोलला. शेवटी स्टुलावर चढून एसीची जाळी काढली, नळाखाली धुतली, वाळवली आणि परत बसवली. तळवा धरून म्हणाला, "अठरा. अठराच येता." ज्या खोलीतून हाकलला, तिथला एसी साफ करून जाणारा माणूस! मला तर चीडच आली. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तो खोके उचलत असताना मी विचारलं. नको होतं विचारायला. सानिका घरात अवाक्षर बोलत नव्हती. मी सहज विचारल्यासारखं केलं. म्हटलं, त्या दिवसाआधी, इतके महिने, माझी मुलगी तिथं बसून आणखी काय काय सांगायची?

तो थांबला. खोका खाली ठेवला. मला वाटलं आता सांगतो.

"ता सांगूचा नसता, साहेब," तो म्हणाला. "तुमीच वाचून दाखवलात."

आणि गेला. टोमणा होता का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. टोमणा मारण्याइतकी अक्कल त्याला नव्हती, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. नियम आहे म्हणजे पाळायचा, कोणी केला याच्याशी कर्तव्य नाही, असला तो माणूस. दीडएक वर्षानं कंपनीचं कंत्राट संपलं आणि तो गावाला परतला. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. मेकॅनिक लोकांचा करत नाहीत.

एरेबसला तो अर्थातच कधी गेला नाही. सावंतवाडीजवळ आता फ्रिज दुरुस्त करतो म्हणे. आणि गावात काही पोरं गोळा करून तोच उद्योग चालू असणार, माझी खात्री आहे. असल्या माणसांना दुसरं येतं काय!

हे सगळं मला कळतं ते सानिकामुळे, आणि तेही चोरून. दोन हजार एकोणीसच्या जुलैत ती शिकायला बाहेर जायची होती. दुपारची वेळ, बॅगा भरणं चालू होतं. मी तिच्या खोलीपाशी आलो तर आतून हसण्याचा आवाज. फोनवर बोलत होती. "काका, तुमचो फ्रिज चोवीस दाखवता तर माका कित्याक विचारतास? गो बाई! नाय, नाय, थंडी आसतली थय. स्वेटर घेतलंय. होय तर! तोच." भरभरून बोलत होती. मराठी काय, मालवणी काय, मध्येच शुद्ध वाक्यं, मध्येच शिव्याही असतील. माझ्या आई-वडिलांनी ऐकलं असतं तर तिला मांडीवर घेतलं असतं.

मी दारात उभा राहिलो. खोकललो नाही, हललो नाही. पण तिनं पाहिलं. "मगे करतंय," ती फोनमध्ये म्हणाली आणि ठेवला.

"कोणाचा फोन होता?" मी विचारलं.

"नोबडी, बाबा. जस्ट अ फ्रेंड. डू यू नीड समथिंग?"

नको, म्हटलं. बॅगेची चेन लागत नव्हती ती मी लावून दिली. "थँक यू," ती म्हणाली.

आमच्यात भांडण नाही. दर शुक्रवारी फोन करते, न चुकता. तब्येत विचारते, आईचं विचारते, मस्कतच्या उन्हाचं विचारते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. सुंदर इंग्रजी बोलते, स्वच्छ, नेमकं. त्याला मी कधी हसलो नव्हतो.